मुलांना समुपदेशक करू नका, शाळा त्यांच्या हाती द्या

प्रश्न थोडक्यात असा: डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या टीचर विचारतात, "सातवीतली एक मुलगी चिडवण्याला कंटाळून पंधरवडाभर शाळेत आली नाही. ते कळल्यावर नववीच्या काही मुलांनी मुख्याध्यापिकांना अर्ज दिला. ‘मनमित्र’ नावाचा गट काढायचा आणि ज्याला वाईट वाटतंय त्याच्याशी जाऊन बोलायचं, असा त्यांचा बेत आहे. जबाबदारी माझ्यावर आली आहे. अशा उपक्रमांचा खरोखर उपयोग होतो का? सुरुवात कुठून करू आणि कशाला जपू?"

टीचर, आधी त्या नववीच्या मुलांना माझ्याकडून शाबासकी द्या. दुसऱ्या वर्गातली मुलगी दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, त्यामागचं कारण त्यांनी शोधलं आणि गप्प न बसता अर्ज केला. एवढी कळकळ असलेली मुलं शाळेत असणं ही मोठी जमेची बाजू आहे. ती वाया जाऊ नये आणि तिचा त्या मुलांनाच त्रास होऊ नये, एवढं आपण मोठ्यांनी बघायचं.

उपयोग होतो, नक्की होतो. पण मुलांच्या हाती आपण नेमकं काय देतो त्यावर सगळं अवलंबून आहे. ‘मनमित्र’ गटाचा बेत वाचून मला धास्ती वाटली, ती आधी सांगते. समजा, गटातल्या मुलाला कुणी म्हणालं, "घरी बाबा रोज दारू पिऊन आईला मारतात." किंवा, "मला जगावंसंच वाटत नाही, पण कुणाला सांगू नकोस, शपथ घे." आता या चौदा वर्षांच्या मुलाने काय करायचं? शपथ मोडली तर मैत्री गेली, पाळली तर रात्रभर झोप नाही. पुढे काही बरंवाईट झालं तर तो कित्येक वर्षं स्वतःला दोष देत राहील. उत्तर गोव्यातल्या शाळांमधून समुपदेशनाचं काम करताना असं ओझं एकट्याने वाहणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. ती सहसा हुशार, समजूतदार आणि सगळ्यांची आवडती असतात, म्हणून तर लोक त्यांच्याकडे येऊन बोलतात.

अभ्यासकांनाही हा धोका दिसला आहे. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये शाळांमधल्या दादागिरीविरोधी उपक्रमांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. एकूण पाहता अशा उपक्रमांनी त्रास साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, असं त्यांना आढळलं. पण मध्यस्थी आणि मार्गदर्शनाचं काम समवयस्क मुलांवरच सोपवलं होतं, तिथे त्रास सोसणाऱ्या मुलांचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. म्हणून मुलांना बाजूला ठेवा असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्या हाती दुसऱ्या मुलांची मनं देऊ नका, शाळा द्या, असं म्हणेन. शाळेतल्या जागा, वेळा, रांगा, बसायच्या पद्धती, न लिहिलेले नियम यांत काय बिघडलंय ते मुलांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक असतं आणि ते दुरुस्त करायची ताकदही त्यांच्यात असते.

सुरुवात नकाशापासून करा. ड्रॉइंगच्या एका तासाला शाळेचा साधा आराखडा काढून घ्या. वर्ग, व्हरांडा, जिने, मुतारी, पाण्याचा नळ, मैदान, सायकली ठेवायची जागा, फाटक, बसस्टॉप आणि बालरथ म्हणजे शाळेची बस एवढं सगळं त्यात आलं पाहिजे. त्याच्या प्रती काढून प्रत्येक मुलाला एक द्या, वर नाव लिहायला लावू नका. सोबत टिकलीची पाकिटं ठेवा. जिथे जायला नको वाटतं तिथे लाल टिकली, जिथे बरं वाटतं तिथे हिरवी. लाल टिकलीशेजारी फक्त वेळ लिहायची: सकाळी, रिसेसमध्ये, पीटीच्या तासाला, सुटल्यावर. मुलींचे आणि मुलग्यांचे कागद वेगळे गोळा करा, कारण दोघांची शाळा एकच असली तरी नकाशे फार वेगळे निघतात. मग नववीच्या मुलांना हे सगळे कागद एका मोठ्या तक्त्यावर उतरवायला सांगा. लाल टिकल्या कशा पुंजक्याने जमतात ते बघताना मुलं आपोआप गप्प होतात आणि मग एकदम बोलायला लागतात. त्या बोलण्याला पुरेसा वेळ ठेवा.

ही कल्पना माझी नाही. न्यूयॉर्कमधल्या ३० सरकारी शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांसोबत ‘शिफ्टिंग बाउंडरीज’ नावाचा उपक्रम झाला, त्यात मुलांनी असेच नकाशे काढले होते आणि त्यावरून शाळेने कोणत्या जागी मोठ्या माणसांची नजर हवी ते ठरवलं. काही शाळांत नुसते वर्गात धडे दिले, काहींत फक्त शाळेच्या इमारतीत आणि नियमांत बदल केले, काहींत दोन्ही केलं. निष्कर्ष आपल्यासारख्या व्याख्यानप्रेमी लोकांनी नीट ऐकण्यासारखा आहे. नुसत्या धड्यांनी विशेष फरक पडला नाही. जिथे जागा आणि नियम बदलले, तिथे मुलामुलांमधले लैंगिक छळाचे आणि हिंसेचे प्रकार कमी झाले.

आपल्याकडच्या नकाशांत लाल टिकल्या कुठे पडतात, याचा मला आता बराच अंदाज आला आहे. बालरथची मागची बाकं जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतात. तिथे मोठ्या मुलांचं राज्य, धाकट्यांची दप्तरं पायाखाली, टोपणनावं, मोबाइलवरचे फोटो. ड्रायव्हरची नजर रस्त्यावर, अटेंडंट दाराशी. त्यात आपल्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या फेऱ्या लांब असतात, म्हणजे एखाद्या मुलाचा दिवस शाळेत पाऊल टाकण्याआधीच नासलेला असतो. यावर मुलांनी काढलेला उपाय बहुतेक वेळा साधा निघतो. पाचवी-सहावीला पुढची बाकं, मागे बसणाऱ्यांत गटातलं एक मूल, आणि अटेंडंटला महिन्यातून एकदा शाळेत बोलावून मुलांसमोर चहा. चहाला हसू नका. आपण शाळेचे आहोत असं त्या माणसाला वाटलं की तो मागे वळून बघायला लागतो.

दुसरी जागा मुलींची मुतारी. कडी तुटलेली, दार लागत नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारपर्यंत डोकं दुखतं, चिडचिड होते, पाळीच्या दिवसांत घरीच राहतात. आपण त्याला ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणतो. भावनिक स्वास्थ्याच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येक शाळेने आधी कडी बसवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी जागा रिसेस. आठवीपर्यंतच्या मुलांना स्वयंसाहाय्य गटाच्या बायका पावभाजी वाढतात, त्या रांगेत ढकलाढकली चालते. पण खरा त्रास रांगेनंतर सुरू होतो, कोण कुणाजवळ बसून खातं यात. परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुलं एका कोपऱ्यात बसतात आणि त्यांच्या अंगावर ‘घाटी’ हा शब्द सरळ फेकला जातो. तो घरातून येतो, बाजारातून येतो आणि आपण शिक्षकही कधी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तुमच्या शाळेच्या नकाशावर एखाद्या झाडाखाली फक्त ठराविक मुलांच्याच हिरव्या टिकल्या पडल्या, तर तिथे थांबा आणि गटाशी सावकाश बोला. ज्या कोपऱ्यात त्या मुलांना बरं वाटतं, तिथून त्यांना उठवून ‘एकोपा’ दाखवायचा हट्ट करू नका. बाकीची मुलं तिथे जाऊन बसायला लागली तर ती खरी सुरुवात.

चौथी गोष्ट नकाशावर जागेने दिसत नाही, वर्गाने दिसते. आपल्याकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलात येतात. कालपर्यंत वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारं मूल इथे गप्प होतं. उत्तर येतं पण इंग्रजीत सांगता येत नाही, चुकलं तर हसतील. २०२२ मध्ये एनसीईआरटीने देशभरातल्या ३ लाख ७९ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली, त्यात २८ टक्के मुलांनी प्रश्न विचारायला संकोच वाटतो असं सांगितलं. पाचवीच्या पहिल्या काही महिन्यांत आपल्या शाळांमध्ये हा संकोच उघड्या डोळ्यांनी दिसतो. इथे मोठी मुलं जे करू शकतात ते मी, तुम्ही, कुणीच करू शकणार नाही. नववीतला एखादा मुलगा पाचवीच्या मुलाजवळ बसून म्हणतो, "मलाही पहिल्यांदा काहीच कळत नव्हतं, दिवाळीपर्यंत जमलं." या एका वाक्याचं वजन दहा व्याख्यानांहून जास्त आहे, कारण बोलणारा त्याच वाटेने आलेला आहे. वर्ष सुरू होताना प्रत्येक पाचवीच्या मुलाला एक मोठा सोबती ठरवून द्या. आठवड्यातून दोनदा रिसेसमधली दहा मिनिटं पुरतात. विज्ञानाचे शब्द मराठीत, कोकणीत समजावणं, वही कशी लावायची, कोणत्या सरांना काय चालत नाही, असल्याच गोष्टी बोलायच्या. यात समुपदेशन कुठेच नाही, आणि तरीही त्या लहानाच्या मनाला सर्वांत जास्त आधार यातूनच मिळतो.

आता गटात कोण हवं. अर्ज देणारी मुलं तर हवीतच. पण त्यांच्यासोबत मॉनिटर, पहिले तीन नंबर आणि भाषण स्पर्धेतली मुलं भरून टाकू नका. ती शिक्षकांची आवडती असतात, मुलांची असतीलच असं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एलिझाबेथ पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतल्या ५६ शाळांमध्ये, २४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांमध्ये एक प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येक मुलाला विचारलं, तू कुणाकुणाबरोबर वेळ घालवतोस, दहापर्यंत नावं लिही. त्यावरून कोणत्या मुलांकडे इतरांचं लक्ष असतं ते कळलं. मग निम्म्या शाळांत काही मुलांचा गट केला. शाळेत कशावरून भांडणं होतात ते मुलांनीच ठरवायचं आणि त्याविरुद्ध आपण आहोत हे आपल्याच पद्धतीने सगळ्यांना दिसेल असं करायचं. कुणी भांडण सोडवताना, कुणाच्या बाजूने उभं राहताना दिसलं की गटातली मुलं त्याच्या हातात नारिंगी पट्टा बांधायची. वर्षअखेरीस या शाळांमध्ये भांडणांच्या आणि शिस्तभंगाच्या नोंदी इतर शाळांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होत्या. आणि ज्या गटांत सगळ्यांचं लक्ष असलेली मुलं जास्त होती, तिथे परिणामही जास्त झाला.

तेव्हा तुम्हीही कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि हाच प्रश्न विचारा. चिठ्ठ्या मोजताना काही नावं तुम्हाला बुचकळ्यात टाकतील. मागच्या बाकावरचा, कबड्डी खेळणारा, गृहपाठ न करणारा एखादा मुलगा तीन वर्गांच्या चिठ्ठ्यांत येईल. घुमट या वाद्यावर हात चालणारा, चतुर्थीत आरतीला सगळा वाडा ज्याच्यामागे उभा राहतो असा कुणी येईल. ज्याच्यावर तुमच्याच स्टाफरूममध्ये तक्रारी आहेत तोही येईल. त्याला गटात घ्या. त्याने मागच्या बाकावर "पुरे झालं" म्हटलं की बस शांत होते, मॉनिटरने म्हटलं तर होत नाही. तीनशेच्या शाळेला पंधरा-वीस मुलं पुष्कळ झाली. मुलं-मुली, वेगवेगळे वाडे, वेगवेगळ्या घरभाषा बघा. आणि ज्या मुलीला त्रास झाला तिला गटाची ‘उदाहरण’ म्हणून पुढे करू नका.

तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नववीच्या मुलांचा पहिला मोह तिच्या घरी सगळ्यांनी मिळून जायचा असणार. तसं होऊ देऊ नका. आधी तुम्ही किंवा समुपदेशकाने तिच्या आईशी बोलावं, मग तिच्याशी. तिला विचारा, परत येताना कोण सोबत असलेलं आवडेल. ती एक-दोन नावं सांगेल, ती गटातली नसली तरी चालतील. त्या मैत्रिणींनी सकाळी तिच्यासोबत बसमध्ये बसायचं, वर्गात शेजारची जागा धरायची आणि पहिल्या दिवशी गेल्या दोन आठवड्यांविषयी एकही प्रश्न विचारायचा नाही. वह्या आधीच पूर्ण करून ठेवल्या तर फारच छान. चिडवणाऱ्यांशी बोलणं, त्यांच्या पालकांना बोलावणं हे तुमचं आणि मुख्याध्यापिकांचं काम आहे. मुलांचं न्यायालय भरवू नका, गटाला शाळेचे हवालदार करू नका. एकदा का गट ‘टीचरला नावं सांगणारा’ ठरला की त्याचं काम संपलं. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या अभ्यासावर उभा राहिलेला ‘किवा’ उपक्रम सगळं लक्ष बघ्यांवर देतो, कारण चिडवणाऱ्याला हसणारे मिळाले नाहीत तर त्याचा जोर ओसरतो. बघ्यांना मुलंच वळवू शकतात. न हसणं, विषय बदलणं, "चल, पाणी पिऊन येऊ" म्हणून तिला तिथून बाजूला घेणं, एवढंच गटाला शिकवा आणि त्याचा सराव करून घ्या. चिडवणाऱ्याला अंगावर घ्यायला सांगू नका.

मुलांचं म्हणणं वर्षभर येत राहावं यासाठी पेटी ठेवा. बहुतेक शाळांत पेटी असतेच, कुलपाला गंज चढलेला असतो. मुलं दोन-तीन वेळा चिठ्ठी टाकतात, उत्तर येत नाही, मग त्यात वेफर्सची पाकिटं पडायला लागतात. पेटी जिवंत राहते ती उत्तरांनी. ठरलेल्या दिवशी ती उघडायची, समुपदेशकाने, गटातल्या दोन मुलांच्या उपस्थितीत, पण चिठ्ठ्या आधी समुपदेशकाने एकट्याने चाळायच्या. ज्यांत कुणाचं नाव आहे, घरची गोष्ट आहे, जिवाचं काही आहे, त्या बाजूला काढून मोठ्यांनी हाताळायच्या. उरलेल्या मुलांसमोर वाचायच्या आणि सोमवारी फलकावर उत्तरं लावायची. उत्तर कसं असावं? "मुलींच्या मुतारीची कडी: शुक्रवारी बसवली." "रिसेस पाच मिनिटांनी वाढवा: या वर्षी शक्य नाही, कारण सुटण्याची वेळ बसच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे." "पीटीचा तास गणिताला देतात: मुख्याध्यापिका बोलल्या, या महिन्यापासून देणार नाहीत." नाही म्हणायचं असेल तर कारणासह म्हणा, मुलं ते स्वीकारतात. ती रुसतात ती मौनावर.

इथे तुम्हाला एक अवघड गोष्ट सांगावी लागेल. काही चिठ्ठ्या शिक्षकांवर असतील. कोण कान पिळतं, कोण सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणतं, कोण जातीवरून टोमणा मारतं. मुख्याध्यापिकांशी याविषयी पहिली चिठ्ठी येण्याआधी बोलून ठेवा. गोवा बाल कायदा २००३ पासून आपल्याकडे शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मानसिक छळालाही. अशी चिठ्ठी दाबली तर मुलांना ते आठवड्याभरात कळतं आणि मग तुम्ही कितीही फलक लावा, शाळेचं वातावरण तिथेच अडकतं. त्या शिक्षकाची बदनामी न करता, पण ठामपणे, मुख्याध्यापिकांनी एकांतात बोललं पाहिजे.

पेटी तुम्ही एकटीने उघडू नका, समुपदेशकाला सोबत घ्या असं मी म्हणते, त्यामागे ठोस कारण आहे. ‘संगाथ’ ही १९९६ मध्ये आपल्या गोव्यात सुरू झालेली संस्था. तिने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पेटी, भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांचे गट, शाळेची आरोग्य समिती असा एकच कार्यक्रम काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या साध्या पदवीधर समुपदेशकाने राबवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण स्पष्ट सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी, मारामारी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा फरक दिसला नाही. यात शिक्षकांचा कमीपणा शोधू नका. पोर्शन संपवायचा, परीक्षा घ्यायच्या, निवडणुकीची कामं करायची आणि वर हे, अशी तारांबळ असते. शिवाय जी व्यक्ती मार्क देते तिच्यापुढे मूल मन उघडायला कचरतं. म्हणून गटाचा पाठीराखा तुम्ही राहा, पण चिठ्ठ्यांचा आणि एकांतातल्या बोलण्याचा भाग समुपदेशकाकडे द्या. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत येणाऱ्या समुपदेशकाकडे अनेक शाळा असतात, हे खरं. तरीही आठवड्यातला एक दिवस पक्का करून घ्या आणि तो फलकावर लिहा. मुख्याध्यापिकांना आधार हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना दाखवा, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असं म्हटलं आहे. २०२० पासूनच्या केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आणि प्रत्येक वर्गातले विद्यार्थी प्रतिनिधी यांची तरतूद आहेच. तुमचा गट त्याच छत्राखाली बसवला तर वेगळ्या परवानग्यांचा घोळ राहणार नाही.

आता जपायचं कशाला. गटातल्या प्रत्येक मुलाकडून एक वाक्य तोंडपाठ करून घ्या: "मी ऐकतो, पण गुपित ठेवायचं वचन देत नाही. जिवाची गोष्ट असेल तर मी मोठ्यांना सांगणार." समोरचा काही बोलायच्या आधी हे वाक्य यायला हवं. मरण्याची, स्वतःला इजा करण्याची, घरातल्या मारहाणीची किंवा कुणी नको तिथे हात लावल्याची गोष्ट कानावर आली की त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी, ती तुमच्यापर्यंत किंवा समुपदेशकापर्यंत आली पाहिजे. त्यानंतर त्या मुलाचं काम संपलं, हेही त्याला स्पष्ट सांगा आणि संध्याकाळी त्याची विचारपूस करा. मग तुम्ही पालकांशी, समुपदेशकाशी बोलून गरज पडली तर बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात नेण्याची व्यवस्था करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस आणि मोफत, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. दोन्ही मुतारीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. व्हरांड्यातल्या फलकासमोर उभं राहून नंबर उतरवून घ्यायची कुणाची हिंमत होत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्याची शिक्षा मुलांना लागू नाही, पण तुम्हाला, मला आणि मुख्याध्यापिकांना आहे. शाळेच्या नावासाठी थांबणं इथे चालत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. वर्गाचे गट आणि निनावी ‘कन्फेशन’ पानं यांवर जे चालतं ते शाळेच्या नकाशावर येत नाही, म्हणून नकाशाच्या बाजूला एक चौकट काढून तिला ‘फोन’ म्हणा. लाल टिकल्या तिथेही पडतील. गटाने पानं बंद पाडायच्या मोहिमेवर जाऊ नये. स्क्रीनशॉट पुढे पाठवायचा नाही आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ होतं.

पोस्टर स्पर्धा, १० ऑक्टोबरचं म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं व्याख्यान, घोषवाक्यं यांना माझा विरोध नाही, पण त्यांत गटाचा वेळ घालवू नका. परीक्षेच्या दडपणाचंही तसंच. एनसीईआरटीच्या त्याच पाहणीत ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं आहे. ‘ताण घेऊ नका’ म्हणून तो जात नाही. त्यापेक्षा दहावीच्या मुलांनी सुचवलेली एखादी नेमकी गोष्ट मान्य करा, जसं की एकाच दिवशी दोन विषयांच्या चाचण्या ठेवायच्या नाहीत, किंवा पेपर परत देताना मार्क मोठ्याने वाचायचे नाहीत. यातलं दुसरं तर उद्यापासून करता येईल.

फरक पडतोय की नाही हे बघायला सुरुवातीला आणि वर्षअखेरीस तोच टिकल्यांचा नकाशा करून घ्या आणि दोन्ही शेजारी लावा. त्याशिवाय सकाळी न येणाऱ्यांची हजेरी आणि रिसेसमध्ये एकट्याने खाणारी मुलं बघा. मात्र मुख्याध्यापिकांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढतील. मुलांचा विश्वास बसला की आजवर दडलेलं वर येतं. नेमक्या याच वेळी कितीतरी चांगले उपक्रम बंद पडतात, कारण कुणाला तरी वाटतं की या गटामुळेच शाळेत भांडणं सुरू झाली.

पालक शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय मुलांनाच मांडू द्या. मोठा नकाशा भिंतीवर लावून गटातल्या दोघांनी दहा मिनिटं बोलावं. बालरथच्या मागच्या बाकांवर किती टिकल्या आहेत हे पालक स्वतःच्या डोळ्यांनी बघतात, तेव्हा वाद घालायला फारसं काही उरत नाही आणि कडीचे पैसेही तिथेच जमतात.

आणि ही नववीची मुलं वर्षभरात दहावीत जातील, हे आतापासून लक्षात ठेवा. जानेवारीपासून आठवीतली मुलं त्यांच्यासोबत बसवा, त्यांची निवडही चिठ्ठ्यांनीच करा. नकाशे, फलकावरच्या उत्तरांची वही आणि अपुरी राहिलेली कामं नव्या गटाकडे लेखी सोपवा, आणि त्यांच्या पहिल्या बैठकीला मुख्याध्यापिकांना हजर ठेवा.